तबल्याचं माहेर

आमच्या वावळपाड्यात हातपंपाचं लग्न लागलं, त्याला माझा आवाज जबाबदार आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण गावात आता त्याचं श्रेय घ्यायला बरेच जण तयार आहेत.

माझं नाव नम्रता. बारशाच्या वेळी मी झोपले होते, त्यामुळे घरच्यांना अंदाज आला नसावा. आमचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला आणि शेत खाली वहाळापाशी. बाबांना जेवायला बोलवायचं असलं की आई खाली जात नाही. मी अंगणात उभी राहते, कमरेवर हात ठेवते आणि "बाबाऽऽ" अशी एकच हाक मारते. बाबा येतात. कधीकधी शेजारच्या दोन शेतांतले बाबाही येतात.

शाळेत मात्र या आवाजाचं काही चाललं नाही. पाचवीत पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या बाईंनी कानावर हात ठेवले आणि म्हणाल्या, "तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसतं तोंड हलव. आवाज काढू नकोस."

तेव्हापासून नववीपर्यंत मी तोंड हलवत होते. इतकं सुंदर हलवायचे की एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ती मागची मुलगी कोण? किती मनापासून गाते!" बाई म्हणाल्या, "हो, तिचं नाव नम्रता."

मग २००४ च्या जानेवारीत शाळेत एक पत्रक आलं. शहापूरला दर रविवारी मुलींसाठी गाण्याचा वर्ग सुरू होणार होता, फुकट. शिकवणार होत्या मुंबईच्या दोन मोठ्या बाई. एक गायिका कालिंदीताई खांडेपारकर, ज्या आमच्या रेडिओवर रात्री बातम्यांच्या आधी गातात. दुसऱ्या वत्सलाताई ओतूरकर, ज्या तबला वाजवतात आणि त्यासाठी परदेशातसुद्धा जाऊन आल्यात. दोघींनी मिळून एक संस्था काढली होती. जागा आठ. निवडीला येताना सिनेमातलं गाणं आणायचं नाही, पुस्तकातलं आणायचं नाही, आपल्या घरात-गावात कानावर पडलेलं गाणं आणायचं. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, की संस्थेच्या विश्वस्तांच्या नातेवाइकांना प्रवेश मिळणार नाही. ती मी वाचली आणि लगेच विसरले. माझं कोण नातेवाईक मुंबईत रेडिओवर गातंय?

मी नाव द्यायला गेले तेव्हा प्रार्थनेच्या बाई हसल्या. "तू? बरं बाई. त्यांनी घेतलं तुला, तर सोमवारच्या प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी करीन. माईकसमोर."

वर्ग हसला. मीही हसले. पण 'माईकसमोर' हा शब्द मी घरी घेऊन आले आणि रात्रभर त्याच्या शेजारी जागी राहिले.

आता गाणं कुठून आणायचं? आमच्या घरात कोणी गात नाही. आई फक्त म्हशीला ओरडते, तेही चालीत नाही. माझी मैत्रीण पारू म्हणाली, "भागीरथी आजीकडं चल. ती धवलारीन हाय ना."

तुमच्याकडे नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे लग्नात भटजींच्या आधी धवलारीन लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हटल्याशिवाय ते काम झालं असं कोणी धरत नाही. भागीरथी आजीने या पट्ट्यातली निम्मी लग्नं लावलीत. माझ्या आईबाबांचंही तिनंच लावलंय, आणि बाबा आईशी भांडले की तक्रार घेऊन तिच्याकडेच जातात.

आजी ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मान न उचलता विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

"कोणाचंच नाही. मला नुसतं शिकायचंय."

"नुसतं?" आजीने वालाची शेंग खाली ठेवली. "अगो, धवल्यान देवाला नाव घेऊन आवतान देतात. डोंगरावरची बाय, वेशीवरची आई, पान्यातले साती जनी, सगली येतात. येऊन बसली मांडवान, आन बघतात तर नवरा नाय, नवरी नाय. मग? तुला कोनी जेवाला बोलवून ताट नाय वाढलं, तर तू काय करशील?"

"मी ओरडीन," मी म्हटलं.

"तू ओरडशील. देव काय करतील ते इचार कर."

मी विचार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

"आजी, तुळशीचं लग्न लावतो ना आपण? तुळस कुठे माणूस आहे?"

आजीने वालाची शेंग पुन्हा खाली ठेवली. पारूने मला कोपराने ढोसलं, की झालं आता, पळ. पण आजी म्हणाली, "खरां हाय तुजं. नवरा-नवरी पायजे. मानूसच पायजे असं देवानं कवा सांगलंय?"

तर असा तो हातपंप नवरा झाला. नवरी म्हणून पारूने घरून तिच्या आईची पितळी कळशी आणली, कारण दोघांची रोजची ओळख होती आणि स्वभाव जुळत होते. आम्ही पंपाच्या दांड्याला मुंडावळ्या बांधल्या, कळशीला हळद लावली आणि आजीने मला पहिला धवला शिकवला.

*ये गो डोंगराचे बाय, वाट सोपी हाय,*
*वहाळाचे पान्यान धुऊन ये पाय...*

मी सवयीने हळू गायले. आजीने माझ्या डोक्यात टपली मारली.

"हलू कोनाला सांगतीस? देव काय तुजे मांडीवर बसलाय? तो तिकडं हाय, माहुलीचे डोंगरावर. तिथं गेला पायजे आवाज."

"मोठ्याने गाऊ?"

"मंग काय तोंड हलवतीस?"

मी आजीकडे बघत राहिले. मग माहुलीच्या डोंगराकडे तोंड केलं आणि गायले. पंपाखाली पाणी पिणारी तीन कुत्री उठून गेली. खालून शेतातून बाबा जेवायला आले. आजी डोळे मिटून ऐकत होती, आणि संपल्यावर एवढंच म्हणाली, "हां. आता आयकला आसंल."

लग्न लागलं. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पारूची आई कळशी घ्यायला आली, तर आजी म्हणाली, "न्यायची कशी? सासरी हाय ती." आणि मंगळूतात्या, ज्यांच्या दारात पंप आहे, ते रुसले. ते म्हणाले, "पंप माझे दारान, म्हंजे नवरा माझे घरातला. नवऱ्याकडचे लोकांना टॉवेल नाय, टोपी नाय, साधा नारळ नाय? काय समजता तुमी आमाला?" आणि त्यांनी पंपाचा दांडा काढून घरात नेला. दोन दिवस पाड्याला पाणी नाही. शेवटी पारूच्या बाबांनी टॉवेल-टोपी आणून मंगळूतात्यांचा मान केला, तेव्हा दांडा परत आला. पारूचे बाबा घरी येऊन म्हणाले, "पारूच्या लग्नाची प्रॅक्टिस झाली."

पण आजीने सांगून ठेवलं होतं, एका लग्नात एक धवला शिकवणार. म्हणजे मला आणखी लग्नं लागणार होती. ती शोधावी लागली नाहीत. लोकच यायला लागले.

पहिले आले लडकूकाका, पिठाच्या गिरणीवाले. "माजी गिरनी मधीमधी बंद पडते. तिचं लगीन झालं नाय म्हनून आसंल काय गो?" आजीने गिरणी बघितली, पट्टा बघितला आणि समोरच्या विजेच्या खांबाशी तिचं जमवून दिलं. लग्न थाटात झालं. पण तेव्हा लोडशेडिंग चालू होतं, रोज सात-आठ तास वीज नसायची. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका सुस्कारे टाकायच्या. "नवरा घरी टिकतच नाय बिचारीचा."

मग सुपाचं तांदूळ धुवायच्या रोळीशी झालं. समाजमंदिरातल्या टीव्हीचं त्याच्या अँटेनाशी झालं, आणि दोघांचं भांडण मिटून चित्र जरा बरं दिसायला लागलं. धाऊमामाच्या बैलगाडीसाठी दोन स्थळं आली आणि दोन्ही घरांत अजून बोलणं नाही. आई म्हणायची, "नववीचा अभ्यास करतीस का पाडा उजवतीस?" पण तीही प्रत्येक लग्नाला चांगली साडी नेसून यायची.

फेब्रुवारीपर्यंत मला सहा धवले येत होते. सातवा, अक्षता टाकतानाचा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अवघड, तो आजीने निवडीच्या दिवसासाठी ठेवला होता. तो ती मला आदल्या आठवड्यात नुसता सांगत राहिली, एकेक ओळ, कानात, पुटपुटत. मोठ्याने एकदाही म्हणू दिला नाही.

"त्या बायांचेसमोर पयल्यांदा म्हनशील. तिथं लगीन लावू."

"कोणाचं?"

"आपनच नेऊ की जोडपं."

निवडीच्या रविवारी आम्ही तिघी जीपने शहापूरला निघालो. नवरी म्हणून कोरी सुपली पारूच्या मांडीवर होती, लाल फडक्यात गुंडाळलेली. नवरा म्हणून आजीच्या घरचं मुसळ होतं, ते लांब म्हणून जीपच्या टपावर बांधलेलं. शहापूरला उतरलो, वर्गाची जागा विचारली, रस्ता ओलांडला, आणि पारू किंचाळली, "नवराऽ!"

जीप स्टेशनचे पॅसेंजर घेऊन आसनगावला निघाली होती. टपावर आमचं मुसळ, मुंडावळ्या उडवत.

"परत येईल ती," मी म्हटलं.

"तासाभरानं येईल," पानवाला म्हणाला. "नायतर पॅसेंजर मिळाला तर वाशिंदला जाईल."

माझा नंबर अकरावा होता. आम्ही शाळेच्या त्या हॉलबाहेर बाकावर बसलो. आत जाणारी प्रत्येक मुलगी गाऊन बाहेर यायची. नवव्या नंबरची मुलगी, नेहा, खूप गोड गायली, आम्हाला बाहेरपर्यंत ऐकू आलं. पण ती रडतच बाहेर आली. "माझी मामी कालिंदीताईंकडे स्वयंपाकाला जाते. मी खरं सांगून टाकलं. ताई म्हणाल्या, नात्यातली आहेस, घेता येणार नाही."

"मामी स्वैपाकाला जाते, ते नातं कुठून आलं?" पारूने विचारलं.

"ताई म्हणतात, ती घरच्यासारखीच आहे."

मला त्या बारीक अक्षरातल्या ओळीची आठवण झाली आणि मी देवाचे आभार मानले, की माझं मुंबईत कोणी नाही.

दहावी झाली. अकरा. माझं नाव पुकारलं. जीपचा पत्ता नव्हता.

आत सतरंजीवर दोघी बसल्या होत्या. कालिंदीताई ताठ, चष्मा नाकावर, हातात यादी, पाठीशी भिंतीला टेकवलेला तानपुरा. वत्सलाताई गुबगुबीत, मांडीशी तबला-डग्गा, आणि तोंडात बहुतेक आवळासुपारी.

"गा," कालिंदीताई म्हणाल्या.

"गाता येत नाही. नवरा आसनगावला गेलाय."

कालिंदीताईंनी चष्मा काढला. वत्सलाताई सुपारी चघळायच्या थांबल्या.

"कितवीत आहेस तू?"

"नववी."

"आणि तुझा नव..."

"माझा नाही! सुपलीचा!"

मग आजी पुढे आली आणि तिने सगळं नीट सांगितलं. देव, आवतण, पंप, कळशी, मुसळ. कालिंदीताईंनी दोनदा घड्याळ बघितलं. वत्सलाताईंनी मात्र विचारलं, "गिरणी आणि खांबाचं कसं चाललंय मग?"

"तो रातचा येतो," आजी म्हणाली.

"वत्सला," कालिंदीताई म्हणाल्या, "अजून नऊ मुली बाहेर आहेत. हे बघ बाळ, जोडपं असेल तर गा, नसेल तर पुढची मुलगी येऊ दे."

इतकी वर्षं तोंड हलवलं, आता आवाज आहे, गाणं आहे, सगळं आहे, आणि नवरा जीपच्या टपावर. मी आजीकडे बघितलं. आजी माझ्याकडे बघत नव्हती. ती वत्सलाताईंच्या मांडीशी बघत होती.

"हे दोगं कोन?"

"हा तबला, हा डग्गा."

"एकत्र ऱ्हातात?"

"हो, एकाच पिशवीत."

"किती वरीस झाली?"

"बावीस," वत्सलाताई म्हणाल्या, आणि मग जरा खालच्या आवाजात, "का हो?"

"लगीन?"

वत्सलाताईंनी तबल्याकडे बघितलं, डग्ग्याकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. "नाही हो. कधी सुचलंच नाही."

"बाय माजे!" आजीने पदर तोंडाला लावला. "बावीस वरीस! आन तुमी देशभर घेऊन फिरता यांना? चारचौघांसमोर?"

पुढचं फार भराभर झालं. आजीने कनवटीची हळद काढली. तबला बारीक आणि गोड बोलतो म्हणून तो नवरी ठरला, डग्गा ढेरपोट्या आणि घुमा म्हणून नवरा. वत्सलाताई दोघांच्याही आई कशा होणार, असा प्रश्न आला, तो आजीने सोडवला. "नवरा तुमचा. नवरी आमी घेतली वटीत. नवरी वावलपाड्याची." आणि तबला उचलून माझ्या मांडीवर ठेवला. सुपलीच्या लाल फडक्याचा अंतरपाट झाला. पारू एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला नवऱ्याकडचं दुसरं कोणी नाही म्हणून कालिंदीताई. त्या "मी विश्वस्त आहे, मी हे..." असं काहीतरी म्हणत होत्या, पण फडकं हातात आलं की माणूस धरतो.

वत्सलाताईंनी ठेक्यासाठी हात पुढे केला, तर आजीने मनगट धरलं. "लगीन लागेपरेंत नवरीला हात लावाचा नाय." बिचाऱ्या स्वतःच्या गुडघ्यावर ठेका धरून बसल्या.

आणि मी सातवा धवला गायले. मोठ्याने. हा पहिल्यांदाच.

शहापूरहून माहुलीचा डोंगर तर आणखी जवळ आहे. मी खिडकीतून त्याच्याकडे बघितलं आणि आवाज सोडला. मधे दोन ओळी विसरले, आजीने खालून धरल्या, मी वरून पकडल्या. बाहेरच्या नऊ मुली दारात आल्या. नेहाही रडायची थांबून आत आली. रस्त्यावरची माणसं लग्न समजून आत आली आणि कोणीतरी अक्षता कुठे आहेत विचारलं. पारूने सुपलीबरोबर आणलेले तांदूळ वाटले. शेवटच्या ओळीला अंतरपाट खाली गेला आणि सगळ्यांनी तांदूळ टाकले. कालिंदीताईंनीसुद्धा. मी बघितलं, त्यांनी मूठभर टाकले.

एक पाहुणा "जेवणाचं काय?" म्हणाला आणि बायकोने त्याला बाहेर नेलं.

कालिंदीताईंनी चष्मा पुसला. "हा आवाज इतके दिवस कुठे होता?"

"मागच्या रांगेत," मी म्हटलं.

त्यांनी यादी ओढली, पेन उघडलं आणि लिहायला लागल्या. न, म... मी उलट्या बाजूनेही वाचत होते. मला माईक दिसत होता, अगदी त्याच्या जाळीसकट.

तेवढ्यात आजीने दोन्ही हात पसरले आणि कालिंदीताईंना मिठी मारली. "विहीनबाय!"

पेन थांबलं.

"काय म्हणालात?"

"आता सोयरे झालो ना आपन."

कालिंदीताईंनी हळूच मान वळवून पत्रक उचललं. बारीक अक्षरातली ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"अगं कालिंदी, काहीतरीच काय!" वत्सलाताई म्हणाल्या. "तबल्याचं लग्न ते!"

"लागलं की नाही लागलं?"

"लागलं, पण..."

"मघाशी मी त्या मुलीला मामीच्या स्वयंपाकावरून परत पाठवलं. आणि आता स्वतःच्या विहिणीकडची मुलगी घेऊ?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कडक होता, पण आवाज तसा नव्हता. "नम्रता, तू सांग. हे लग्न खरं होतं की गाण्यापुरतं? गाण्यापुरतं असेल तर नातं नाही, आणि मग मी तुझं नाव पूर्ण लिहिते."

किती सोपं होतं. मी आजीकडे बघितलं. ती काही खुणावत नव्हती. नुसती तबल्यावर पडलेले तांदूळ एकेक करून वेचत होती, आणि मला एकदम वाटलं की हॉलमध्ये फार गर्दी आहे. डोंगरावरची बाय आलीय, वेशीवरची आई आलीय, पाण्यातल्या साती जणी पाय धुऊन ओळीने बसल्यात आणि माझ्याच तोंडाकडे बघतायत. मीच हाक मारली होती त्यांना. तीही एवढ्या मोठ्याने.

"खरं होतं," मी म्हटलं. ते इतकं मोठ्याने निघालं की तानपुऱ्याच्या तारा झिणझिणल्या.

कालिंदीताईंनी "नम" वर काट मारली. नीट, पट्टीने मारल्यासारखी.

मी रडले नाही. खरं सांगायचं तर थोडी रडले, पण पारूच्या पाठीमागे. पारू म्हणाली, "येडी हायस गो तू," आणि तीही रडली. वत्सलाताई तबल्याची पिशवी भरायला लागल्या. तेव्हा आजीने पिशवीवर हात ठेवला.

"बेस्तरवारी आना मग."

"काय?"

"पाचपरतावन. लगीन लागलं की पाचवे दिवशी नवरी माहेरी येते. येनार ना? का आमची पोर सासरी डांबून ठेवनार?"

वत्सलाताई गोंधळल्या. "पण गुरुवारी माझा रियाज असतो. तबल्याशिवाय मी..."

"तर तुमी पन या. नवरी एकटी थोरीच येते? आन नवऱ्याला घेऊन या, तो न्यायला येतो. आन या विहीनबाय पन. मान हाय त्यांचा."

वत्सलाताईंचा चेहरा उजळत गेला. त्यांनी कालिंदीताईंच्या हातातलं पत्रक काढून घेतलं. "कालिंदी, नातेवाइकांना वर्गात प्रवेश नाही, असं लिहिलंय. नातेवाइकांच्या घरी जाऊन गाऊ नये, असं कुठे लिहिलंय?"

कालिंदीताईंनी पत्रक वाचलं. उलटून मागची कोरी बाजूही वाचली.

"नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या.

नेहा दारातच उभी होती. "मी पण येऊ?" तिने विचारलं. "मला पण घेता येत नाही ना?"

गुरुवारी शाळा सुटल्यावर गाडी वावळपाड्यात आली. लडकूकाकांनी गिरणी बंद ठेवली, नाहीतरी तिचा नवरा घरी नव्हता. मंगळूतात्यांनी पंपाला नवीन टोपी घातली, कारण दुसरे जावई येणार होते आणि आपला कमी दिसायला नको. आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं. तबल्याची ओटी भरली. डग्ग्याला पाट दिला. कालिंदीताईंना टॉवेल-टोपी द्यायची की खण-नारळ, यावर वाद झाला आणि शेवटी चारही दिलं. त्यांनी टोपी बराच वेळ हातात धरली आणि मग पर्समध्ये ठेवली.

समाजमंदिराच्या ओट्यावर तेवीस मुली बसल्या होत्या, सगळ्या नवरीच्या बहिणी. शेजारच्या पाड्यांतून आलेल्याही बहिणीच होत्या, आजीने सगळ्यांचं नातं लावून दिलं होतं. प्रार्थनेच्या बाईही आल्या, त्या कुठल्या नात्याने ते मला माहीत नाही. मागे उभ्या होत्या.

कालिंदीताईंनी तानपुरा लावला आणि माझ्याकडे बोट केलं. "सा."

मी माहुलीच्या डोंगराकडे तोंड करून सा लावला. बाबा घरातून उठून आले.

"आवाज आहे," कालिंदीताई म्हणाल्या. "आता हळू."

मी तोंड मिटलं. सवयच ती.

"मिटलंस का? गप नाही म्हटलं मी, हळू म्हटलं. तोच आवाज, पण मांडीवर बसलेल्या माणसासाठी."

ते मला अजून जमत नाही. दर पाचपरतावनाला शिकवतात. हो, दर, कारण आजीने ठरवलंय की बावीस वर्षांची माहेरपणं राहिलीत, ती सगळी फेडून घ्यायची. पुढच्या सोमवारी प्रार्थनेच्या बाईंनी मला पहिल्या रांगेत उभं केलं. त्यांच्या अटीत हे बसत नव्हतं, मला वर्गात घेतलेलंच नाही. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "गप्प बस आणि गा," आणि माईक मात्र बंद करून ठेवला.

जीपवाल्याने मुसळ तिसऱ्या दिवशी आणून दिलं. आसनगाव, वाशिंद, खर्डी, सगळं फिरून आलं होतं. सुपली काही विचारत नाही, पण आजी म्हणते तिच्या मनात आहे.

त्या पहिल्या गुरुवारी जाताना आजी गाडीपर्यंत आली. तानपुऱ्याकडे तिने बराच वेळ बघितलं. उंच, गोरा, पोटापाशी भरलेला.

"हा एकटाच हाय काय गो?" तिने विचारलं.

कालिंदीताईंनी तानपुऱ्याला खोळ घातली, गाडीत मांडीशी घट्ट धरला आणि काच वर केली. मग काच पुन्हा थोडी खाली आली.

"मुलगी काय करते?" त्यांनी विचारलं.